गार्गीला जिना चढवणारे काका

"बाजू व्हा रे, पोरगी आहे!"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी काका हे एकदा मोठ्याने म्हणत. मग अंगाने थोडे तिरपे होत, डावा हात चाकांच्या बैठकीखाली घालत, उजव्याने दांडा छातीशी धरत आणि एकेक पायरी चढू लागत. धावत सुटलेली पोरं भिंतीला चिकटून उभी राहत. नवीन कुणी असेल तर इकडेतिकडे बघून विचारी, "कौन लड़की?" कारण काकांच्या हातात पोरगी नसेच. दोन चाकांवर उभा केलेला एक दांडा असे, दांड्याच्या टोकाला वहीएवढा पडदा, आणि पडद्यात गार्गीचा चेहरा.

हिंदी मुलखातल्या या शहरात, राइट टाउन भागातल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. काका माझ्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. त्याआधी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे आले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पाच वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं, पण आमचं बोलणं "मॅडम, बीकर धुतले" आणि "चलो, निघतो" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. शाळेत सगळे हिंदी बोलतात. माझ्याशी मात्र ते मराठी बोलत, तेही हळू आवाजात, जणू घरातली गोष्ट चारचौघांत काढतोय. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. ती रजेवर गेली तरी कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

गार्गी नववीत होती. तिचे वडील शहराजवळच्या पाटण गावी सरकारी नोकरीत. मुलगी रोज गाडीने इथे येई. पाठ दुखते, पाठ दुखते म्हणता म्हणता मणक्याचा क्षय निघाला. डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि अनेक महिने सपाट झोपून राहायला सांगितलं. वर्ष वाया जाणार म्हणून आईवडील मुख्याध्यापकांकडे आले, तेव्हा शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने भेट दिलेलं हे यंत्र कपाटातून बाहेर निघालं. घरी गार्गीच्या पलंगावर फोन टांगला होता. त्यातून तिला वर्ग दिसे, वर्गाला ती दिसे. बोटाने फोनवर दाबलं की इथे चाकं फिरत. सपाट जमिनीवर ती तिची तिची फिरे. जिना मात्र तिच्या बोटाला जमत नसे. वर्ग वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळा खाली. म्हणून यंत्राची जबाबदारी काकांकडे आली.

पहिल्या दिवशी ते यंत्राभोवती दोनदा फिरले, चाकं चाचपली, एक स्क्रू आवळला. एवढ्यात पडद्यावर गार्गी आली आणि म्हणाली, "नमस्ते अंकल." काकांनी दचकून हात मागे घेतला आणि शर्टाला पुसला. "माफ कर हं बाई," ते म्हणाले, "तू आत आहेस हे ठाऊक नव्हतं."

तेव्हापासून त्यांनी त्या यंत्राला यंत्र म्हटलं नाही.

वर्गातल्या पोरींना पहिले आठ दिवस त्याचं फार कौतुक. पडद्याशी फोटो काढून झाले, हात हलवून झाले. मग ते सरलं. मधल्या सुटीची घंटा झाली की वर्ग रिकामा होई आणि गार्गी खिडकीजवळ एकटी उभी राही. तिला फोन बंद करता आला असता. ती करत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, बंद केलं तर घरचं छत दिसतं. इथे निदान बाकं दिसतात."

हे मी काकांना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ते वर गेले आणि "बाजू व्हा रे" करत तिला खाली घेऊन आले. प्रयोगशाळेच्या टेबलासमोर तिला उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसून डबा उघडला. डब्यात रोज तेच, दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी.

"काका, आज भी आलू?"

"मग काय पुरणपोळी करू काय एकट्यासाठी? खा तू पण. तुझी आई काय देऊन राहिली आज?"

तिकडे आई तिला घास भरवत असे, इकडे काका जेवत. गार्गीच्या घरी मराठी होती, पण ती समजण्यापुरती. "समझती हूँ, बोलता नहीं आता," असं ती म्हणे. काकांनी तो विषय हाती घेतला. रोज पाच शब्द. तिने फोनमधून एखादी वस्तू दाखवायची, यांनी शब्द सांगायचा. 'ळ' तिला येईना. "काळा फळा" म्हणताना ती हसून हसून लाल होई आणि काका गंभीरपणे म्हणत, "घाई काहून करून राहिली? जीभ वर ने. आरामात."

पाटणचं नेटवर्क मधेच जाई. चेहरा पडद्यावर गोठून बसे, कधी अर्धे डोळे मिटलेले, कधी तोंड उघडं. अशा वेळी बाकी सगळे यंत्र सोडून आपापल्या कामाला लागत. काका तिथेच उभे राहत. मी म्हटलं, "काका, ती आली की कळेलच." तर म्हणाले, "टॉवर जेवायला गेला असेल शेजारच्या पनागरला, येईल. पण ती आल्यावर समोर कुणी नको काय?"

पाच वर्षांत मी या माणसाला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ते पोरीचा एकटेपणा घालवताहेत. दुसऱ्या बाजूचा हिशेब माझ्या लक्षात आला नाही.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली. शेवटचा तास वर होता. पोरं गेली, शिक्षक गेले. काका गार्गीला चार्जिंगसाठी खाली आणत होते. ती रोज खालपर्यंत त्यांच्यासोबत 'येई', मगच फोन बंद करी. जिना नुकताच पुसलेला होता. पाचव्या-सहाव्या पायरीवरून काकांचा पाय घसरला. दांडा सोडला असता तर कठडा धरता आला असता. त्यांनी दांडा सोडला नाही. पाठीवर आदळत, घसरत ते खाली आले, डावा हात अंगाखाली सापडला आणि यंत्र छातीवर.

पुढचं मला गार्गीच्या आईने सांगितलं, कारण ती पलंगाशेजारी मटार सोलत बसली होती. फोनमधून धडधड आवाज आला, मग नुसतं छत दिसू लागलं. गार्गी ओरडली, "काका! काका, बोलो ना!"

थोड्या वेळाने आवाज आला, "तुला लागलं तर नाही ना, बाई?"

"मैं तो घर में हूँ, काका!"

"अच्छा," काका म्हणाले. "हो. खरंच की."

आईने मला फोन लावला. मी स्कूटरवरून घराजवळ पोचले होते, तशीच उलटी फिरले. शाळेचं फाटक लोटून धावत जिन्याशी आले तर काका खाली पडलेले, तोंड पांढरंफटक, मनगट भलत्याच कोनात वळलेलं. आणि छातीवरच्या पडद्यातून गार्गीचा आवाज येत होता. काकांनी डोळे मिटू नयेत म्हणून ती त्यांना शब्द विचारत होती.

"सीढ़ी को क्या बोलते हैं?"

"पायरी."

"और पूरी सीढ़ी को?"

"जिना. एक असली तर पायरी... सगळ्या मिळून जिना."

मला पाहून ती रडायला लागली. तोवर तिने रडू दाबून धरलं होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर, वर कंबरेला मुका मार. काका दीड महिना घरी बसले. शहराच्या टोकाला, रांझीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी भेटायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मला बसायला देण्यासाठी ते एका हाताने गठ्ठा उचलू लागले आणि सगळे कागद खाली पसरले. त्या खुर्चीवर बऱ्याच दिवसांत कुणी बसलं नसावं. चहा मीच केला.

"कोण नेतं तिला?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"वर्गातल्या पोरी नेतात. दोघी-दोघी मिळून. पाळ्या लावल्यात."

हे मीच ठरवून दिलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. मी भरभरून सांगत सुटले. पडण्याची गोष्ट सगळ्या शाळेत झाली आणि गार्गी एकदम सगळ्यांना हवीशी झाली होती. पोरी आता तिला मैदानात नेत, डबे तिच्यासमोर उघडत, तिच्या पडद्याला गजरा बांधत. कालच तिला खो-खोची पंच केली होती.

काका ऐकत होते. मधेच म्हणाले, "बैठकीखाली हात घालतात ना? नुसता दांडा धरला तर पडदा निखळतो."

"सांगितलंय मी."

"चलो, मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

ते परत आले तेव्हा हाताची मूठ पुरती वळत नव्हती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आता वजन उचलायचं नाही. मधल्या सुटीत ते स्टुलावर डबा उघडून बसत. गार्गी कधीमधी वरून कुणाच्या तरी हातून निरोप पाठवी, "काकांना नमस्ते सांगा." एकदा आली पण होती, चार पोरींसोबत. पोरींचा गलका इतका की काकांना बोलायला फटच मिळाली नाही. ते हसत उभे राहिले.

पुढच्या सत्रात गार्गी स्वतः आली, स्वतःच्या पायांनी, कमरेला पट्टा बांधून. सकाळी मी फाटकाशी पोचले तर काका आधीच तिथे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. गाडीतून ती उतरली. इतके महिने नुसता चेहरा पाहिलेला, ती मधल्या काळात एवढी उंच झाली असेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. पोरींनी घेराव घातला. त्या गर्दीतून तिचं काकांकडे लक्ष गेलं. "नमस्ते काका!" ती म्हणाली, अगदी गोड, आणि पोरींनी तिला हाताला धरून पुढे नेलं.

काका काहीतरी म्हणणार होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले.

त्या दिवशी मधल्या सुटीत त्यांनी डबा उघडायला बराच वेळ लावला. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभराने मी म्हटलं, "मी गार्गीला सांगते ना, जरा येऊन बस म्हणून."

"नको मॅडम." ते पहिल्यांदाच माझ्याशी इतकं ठाम बोलले. "बोलावून आलेलं पोर पाहुणं असतं. तिला खेळू द्या. नऊ महिने झोपून होती ती."

ते अगदी खरं होतं. चौदा वर्षांच्या पोरीला नऊ महिन्यांनी मैदान दिसलं, तर ती प्रयोगशाळेत येऊन बटाट्याची भाजी बघत कशाला बसेल? शिवाय वर्गात कुणी ते यंत्राचे दिवस काढले की ती विषय बदलायची, हे मी पाहिलं होतं. तिला ते मागे टाकायचे होते. दोष कुणाचाच नव्हता. म्हणूनच त्यावर करण्यासारखंही काही नव्हतं. यंत्र काकांनीच पुसून, वायर गुंडाळून कपाटात ठेवलं. कपाटाचं दार लावल्यावर ते थोडा वेळ तिथे उभे होते. मी वह्या तपासत असल्याचं दाखवलं.

पावसाळा संपता संपता त्यांनी नोकरी सोडली. नागपूरला पुतण्या होता, तो कधीपासून बोलावत होता. शाळेत चहा-समोसे झाले, नारळ दिला. गार्गीचा वर्ग त्या दिवशी सहलीला भेडाघाटला गेला होता.

दसऱ्याला मी त्यांना फोन केला.

"घर मोठं आहे, मॅडम," ते म्हणाले. "सगळ्यांना वेगळी खोली. सगळे आपापल्या खोलीत राहून राहिले." मग त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"पट्टा निघाला तिचा. पळते आता." आणि मला राहवलं नाही. "तुमची फार आठवण काढते. रोज विचारते."

पलीकडे काका हलकेच हसले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मॅडम," काका म्हणाले. "पण बरं वाटलं."

त्यानंतर मी जानेवारीत फोन लावला, तो पुतण्याने उचलला. काकांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी चहाला उठले नाहीत, एवढंच. "आपका नंबर मालूम नहीं था, नहीं तो बताते," तो म्हणाला. चांगला वाटला बोलण्यावरून.

गार्गीला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी तास संपल्यावर तिला थांबवलं आणि सांगितलं. ती रडली नाही. दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली. बाहेर तिच्या मैत्रिणी तिला हाका मारत होत्या. तिने त्यांना हाताने जायला सांगितलं.

"मॅडम," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द जपून ठेवत, "त्यांचं नाव काय होतं?"

नऊ महिन्यांत आम्ही कुणीच तिला ते सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने हळूच, आडनावासकट एकदा म्हणून पाहिलं.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.