आवरून ठेवलेल्या फायली

२००६ सालचं ते भांडण चंद्राबाईंनी मारुंजीच्या दूध डेअरीत, हातात किटली धरून, सबंध ऐकलं होतं.

"काट्याचं वजन कंप्युटरवर येत न्हाई! कुनी हात लावला?" चेअरमन हैबतराव गरजले.

"म्या न्हाई, तात्या. नेहमीसारखं चालू केलं, तर बंद पडलं," पावत्या काढणारी हेमलता म्हणाली.

"फायली पुसल्या असतील यांनी. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय," वाल्मीक म्हणाला. प्रोग्राम त्यानंच करून दिलेला. लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, चंद्राबाईंचा भाडेकरू.

शिकलेल्याचा शब्द खरा ठरला. पावत्या हातानं लिहायला हैबतराव स्वतः बसले, अन् हेमलताला लावलं कॅन घासायला.

रविवारी वाल्मीकनं डेअरीचा कंप्युटर खोलीवर आणून उघडला, अन् त्याचं तोंड उतरलं. प्रोग्रामच्या बारक्या फायलींचा पसारा नको, म्हणून भांडणाच्या आदल्या दिवशी त्यानंच त्या आतल्या फोल्डरात आवरून ठेवल्या होत्या. वजन वाचणारी फाईल तिथं आहे, हे प्रोग्रामला सांगितलं होतं. पण त्या फाईलला आणखी एक फाईल लागते, तीही तिथंच शोध, हे सांगायचं राहिलं. प्रोग्राम बिचारा आपल्याच शेजारी शोधून थकला. वाल्मीकच्या कंप्युटरवर त्या फाईलची जुनी प्रत शेजारीच पडलेली, म्हणून तिथं सगळं झक्क. हेमलतानं काहीएक पुसलं नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. जेवण मात्र ताटात तसंच राहिलं.

"काय रं, लगीन मोडल्यावानी बसलायस?" चंद्राबाईंनी विचारलं. त्यानं सांगितलं. "चेअरमनना गाठून हळूच सांगतो, मावशी."

"व्वा! आळ घेतलास चारचौघांत, अन् चूक सांगनार कानात?"

सकाळी दूधवाल्यांच्या रांगेपुढं तो उभा राहिला. "चूक माझी होती. यांनी काही पुसलं नव्हतं." कुणीतरी फिदीफिदी हसलं. हैबतराव जमिनीकडं बघत हेमलताच्या खुर्चीवरून उठले.

हेमलता पदराला हात पुसत आली, बसली, कामाला लागली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर वाल्मीकला जेवण गेलं असतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो डेअरीत यायचा. पहिली पावती निघेपर्यंत थांबायचा. बोलावलं कुणीच नव्हतं.

२०१० साली त्याची बदली बंगळूरला झाली. सामान टेम्पोत चढलं. दिवस नेमका रविवार. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, अन् हा डेअरीत.

पहिली पावती निघाली.

"चाललंय ना?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"चाललंय," पावती फाडत हेमलता म्हणाली.

मान हलवून तो निघाला.