मागची चार चाकं

बेंगळूर शहरात कुठल्याही वस्तूची जोडी फुटली, की उरलेली एकटी वस्तू आज ना उद्या आमच्या थोरल्या दिरांकडे येणार, हे मी शपथेवर सांगू शकते. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांच्या चष्म्याची डावी काच त्यांची स्वतःची, उजवी माझ्या सासऱ्यांच्या जुन्या चष्म्यातली. "डाव्यानं पेपर वाचतो, उजव्यानं बस येताना बघतो," हा त्यांचा खुलासा. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. पाहुण्यांनी टोकलं तर म्हणायचे, "पायांना कुठं रंग दिसतो?" आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी सागवानी आणि दुसरी फणसाची, तीही बोटभर तोकडी. त्या फटीतून मांजर येतं अशी मी तक्रार केली, तर फटीकडे शांतपणे बघून म्हणाले, "एकच मांजर येतं ना? मग झालं तर." मी यादी केल्याशिवाय भाजीलाही न जाणारी बाई. थोरल्या दिरांना उलटून बोलायची सोय नाही. माझी निम्मी ताकद गप्प बसण्यातच खर्च व्हायची.

त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जुनी पिकअप होती. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आमच्या मुलीचं, कुमुदचं, लग्न ठरलं होतं. कार्यालय जयनगरात, तेव्हा तिथं घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त. तांदूळ यशवंतपूरच्या गिरणीतून यायचा होता. तांदूळ, गूळ, सरपण, मोठी भांडी, सगळं आदल्या दिवशी पोचवायचं, म्हणजे पिकअपच्या दोन खेपा. तशी यादी करून मी भिंतीला लावली. अण्णांनी ती दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून वाचली आणि म्हणाले, "सरू, दोन खेपा नकोत. मागं एकेका बाजूला दोन-दोन चाकं बसवतो. सगळं एका खेपेत."

"अण्णा, दुसऱ्या खेपेला बैलगाडी सांगू या ना."

"कुमुदच्या लग्नाचा तांदूळ परक्याच्या गाडीतून?"

पुढचा महिनाभर आमच्या अंगणात चाकं येत होती. एक बंद पडलेल्या दुधाच्या गाडीचं, एक कुठल्याशा ट्रेलरचं, दोन कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चौघांची भोकं चार तऱ्हांची. अण्णांनी कानशीने भोकं लांबवली, मध्ये लोखंडी तबकड्या घातल्या, सुतळीने प्रत्येक चाकाचा घेर मोजला. दोन थोरली निघाली, दोन धाकटी. त्यांनी दोन्ही बाजूंना एक थोरलं, एक धाकटं अशी न्यायाने वाटणी केली. थोरलं बाहेर, धाकटं आत. घरातल्या थोरल्यानं दाराशी उभं राहायचं असतं, हे त्यांचं शास्त्र.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री बघायला आला. त्यानं वाकून आतलं चाक हातानं चाचपलं. "अण्णा, हे तर जमिनीला टेकतच नाही."

"माल भरला की टेकेल."

"टेकेल, पण नुसतं घासेल. एकाच आसावर दोघं. सगळं वजन थोरल्यावर येणार. स्वल्प विचार करा."

"सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणून अण्णांनी विचार न करता नट आवळले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी माल भरून आम्ही यशवंतपूरहून निघालो. मी अण्णांच्या शेजारी, हातात यादी. आचारी तांदळासाठी खोळंबले होते आणि पाच वाजता वऱ्हाड यायचं होतं. निम्म्या वाटेवर एका चढाला डाव्या बाजूचं बाहेरचं चाक तोफेसारखं फुटलं. गाडी डावीकडे कलली, गुळाच्या ढेपा घरंगळल्या. अण्णा उतरले, बघून आले आणि समाधानानं म्हणाले, "बघितलंस? एक गेलं, तरी दुसरं आहे."

आम्ही दोघांनी डावीकडची पोती ओढून उजवीकडे लावली. माझ्या नव्या पातळाला पोत्यांतला कोंडा लागला. मग बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जातील अशा वेगानं, रबर घासल्याचा वास घेत, आम्ही जयनगरला पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. आचाऱ्यांनी पोती उतरवली आणि माझा तीन वर्षांचा संयम सुटला.

"मुकाट्यानं दोन खेपा केल्या असत्या, तर हे झालं नसतं, अण्णा."

ते हात पुसत होते. "दुसरी खेप तू किती वाजता लिहिली होतीस?"

"पाच वाजता."

"आणि वऱ्हाड?"

मी यादी उघडली. दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात होत्या, एकीखाली एक.

"ही गाडी माझ्याशिवाय कुणाकडून चालत नाही," अण्णा म्हणाले. "आणि सीमांतपूजनाला तिच्या बापाच्या जागी कोण बसणार होतं?"

तेवढ्यात बाहेर सनई सुरू झाली. अण्णा अंगरखा झटकून आत गेले आणि पाटासमोर बसून जावयाचे पाय धुऊ लागले. नखांत काळं ग्रीस तसंच होतं. व्याही निरखून बघत होते. एरवी मी पाणी आणि साबण घेऊन धावले असते. त्या दिवशी मी जागची हलले नाही.