जानवशातला साबण

आपण सगळे एक दिवस साबणाने मरणार आहोत, ही गोष्ट साऱ्या नगर जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा होता. कोपरगावजवळ कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस होता. ऊस कारखान्याकडे गेला की हाताशी वेळच वेळ, आणि तो सगळा त्यांनी मानवजातीच्या तब्येतीला वाहिला होता. टूथपेस्टमध्ये मेलेल्या गुरांची हाडं, केसांच्या तेलात रॉकेलचा सख्खा भाऊ, साबणात काय असतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही (ते जेवतानाच सांगत), आणि पावडर म्हणजे तर दळलेला दगड. श्वासावाटे आत जातो आणि फुप्फुसात त्याची फरशी बसते. ही माहिती त्यांना एस.टी. स्टँडवर एका सुशिक्षित माणसाने दिली होती. तो सुशिक्षित कशावरून, असं मी एकदा विचारलं. "चष्मा हुता की," मामा म्हणाले.

मामांच्या गोष्टींतले सगळे बळी श्रीरामपूरला राहत. स्नो लावून जिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली ती बाई श्रीरामपूरची. रात्री पेस्टने दात घासून झोपला आणि सकाळी ज्याची बत्तीशी उशीवर सापडली तो कारकूनही श्रीरामपूरचाच. मी कामानिमित्त तिकडे बऱ्याचदा जाई, तर गाव चांगलं धडधाकट, भरल्या तोंडाने हसणारं. तसं सांगितलं की मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत. "जे गेले ते तुमाला कसे दिसत्याल, जावईबापू?" आणि हे सगळं चालू असताना त्यांच्या तळहातावर तंबाखू मळली जात असे. तिच्याविषयी मात्र त्यांच्या मनात शंका नव्हती. "ते पान हाय. झाडाला येतं."

नगरला आमच्याकडे आले की चप्पल काढून थेट न्हाणीघराची झडती. एका मुक्कामात त्यांनी माझ्या बायकोच्या पावडरीचा नवाकोरा डबा तुळशीच्या कुंडीत उपडा केला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामाशी अबोला धरता येत नाही, नवऱ्याशी येतो. तुळस मात्र त्या वर्षी अशी फोफावली की शेजारणी रोप मागायला येऊ लागल्या. मी मामांना मुद्दाम कुंडीपाशी नेलं. त्यांनी तुळशीला नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "झाडाला फुप्फुस कुठं असतं?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवरदेव नेवाशाकडचा, घर चांगलं, मुलगा शांत. वऱ्हाड उतरवायला गावची शाळा घेतली होती. आता जानवशात वऱ्हाडाला काय लागतं हे सांगायला नको. घरी वर्षभर राखेने दात घासणारा माणूसही मुलाकडून आला की त्याला पेस्ट लागते, वासाचा साबण लागतो, आणि चेहऱ्यावर पावडरीचा थर दिल्याशिवाय तो मांडवाकडे हलत नाही. मामांनी काय ठेवावं? वाट्यांतून राखुंडी, परातीत डाळीचं पीठ आणि घागर भरून रिठ्याचं पाणी. वर स्वतः दारात उभं राहून, साबण-पेस्टमध्ये कसं इख असतं आणि आपण पाहुण्यांना त्यापासून कसं वाचवलं आहे, यावर भाषण.

तासाभरात जानवशाची रणभूमी झाली. रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊन निम्मं वऱ्हाड रडत होतं. नवरदेवाचे काका ते पाणी कोरा चहा समजून प्यायले आणि बोलायला तोंड उघडलं की फेस येऊ लागला. व्याही काळ्याकुट्ट दातांनी मामांना म्हणाले, "आमी काय भांडी हाय व्हय, राखेनं घासायला?" आणि सतरंजीवर बसले ते बसलेच. नवरदेव निघणार नाही.

मी धावत जाऊन दुकानातून पेस्ट, साबण, पावडर सगळं आणलं. व्याह्यांनी बोटही लावलं नाही. "सकाळी तुमीच म्हनला ना, ह्यात इख हाय? मग ते आता आमाला देता?"

मुहूर्त जवळ आला होता. मांडवात वाजंत्री वाजायची थांबली होती आणि आत मुंडावळ्या बांधून बसलेली पोर दर येणाऱ्याला बापाबद्दल एकच विचारत होती, "आबा कुठं हायेत?"

आबा शाळेच्या हौदापाशी माझा दंड धरून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. हळूच म्हणाले, "जावईबापू, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडंस्तवर टिकंन ना मी?"

मी म्हणालो, "टिकाल."

मग त्यांनी सदरा काढला. सगळ्या वऱ्हाडासमोर डोळे मिटून साबण फासला, तोंडात आडवंतिडवं बोट घालून पेस्टने दात घासले आणि शेवटी पावडरीचा डबा असा काही चेहऱ्यावर उडवला की मिशा दिसेनाशा झाल्या. विहिरीत उडी घेतानाही माणूस इतका श्वास रोखत नसेल. तो पांढरा फटफटीत चेहरा घेऊन ते व्याह्यांपुढे हात जोडून उभे राहिले, आणि व्याह्यांचे काळे दात पहिल्यांदा हसण्यासाठी उघडले. "द्या हिकडं तो साबण," ते म्हणाले.

लग्न लागलं. अक्षता पडेपर्यंत मामा एक हात छातीवर धरून उभे होते. पंगतीत काही खाल्लं नाही. पाठवणीच्या वेळी मुलगी गळ्यात पडली, तेव्हा त्यांची राहिलेली पावडर सगळी तिच्या शालूला लागली. मामा त्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यामुळे त्यांचं मत मात्र तसूभरही बदललं नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर बसून ते नेहमीप्रमाणे श्रीरामपूरच्या कुणा नव्या बाईचं केस गळणं सांगत होते, आणि मला सारखा कसलासा ओळखीचा वास येत होता. हातपाय धुवायला मागे गेलो तर न्हाणीच्या कट्ट्यावर तोच लग्नातला साबण, झिजून नखाएवढा झालेला. शेजारी नवी वडी, कागदासकट. ती घेऊन मी ओसरीवर आलो.

"मामा, हे काय? इख ना हे?"

त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. "हाय की इख," ते म्हणाले. "पन पोर तिकडं ह्यानंच आंघूळ करती. सासरचा रिवाज हाय त्यो, तिला कोन अडवनार?" मग तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "म्हनलं, व्हायचं ते दोघांनाबी संगंच होऊ दे."