टेकाडावरच्यांची घागर

टेकाडाच्या पायथ्याशी आबा चपला काढायचे, खाकरायचे आणि वर तोंड करून विचारायचे, "घरमा कोणी शे का?" मग जरा थांबायचे. वरच्या कडुनिंबावरून एखादा होला उडाला की म्हणायचे, "शे. चाला." तुम्ही हसाल, मीही हसलो होतो.

मी त्यांच्या केळीत ठिबकच्या नळ्या टाकायला गेलो होतो. तापीकाठची काळीभोर जमीन आणि मधोमध हे पांढऱ्या मातीचं टेकाड. धाब्याच्या छतावर टाकायला आबांच्या वडिलांनी ती माती खणली, तर तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या बाळाची हाडं. हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं गेलेलं लेकरू असं घरातच पुरत, हे पुढे कळलं. वडिलांनी मडकी होती तशी झाकली. तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या घरात पितरांच्या घागरीबरोबर एक जादा घागर भरून वर नेतात, टेकाडावरच्यांसाठी. "त्यासले आपलाबिगर कोण शे?" आबा म्हणत. घागरीवर ठेवलेली गोड सांजोरी मात्र उतरताना स्वतःच खात. "बाळले दात कुठे शेतस?"

आबांच्या थोरल्या मुलाला टेकाड सपाट करून तिथं केळी लावायची होती. त्यानं आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी सांगितला. आबा मान डोलावून गावात निघून गेले. म्हातारा हरला, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

आखाजीला पाहतो तर काय, कडुनिंबाला झोका! गावात सणाला माहेरी आलेल्या झाडून साऱ्या लेकी आबांनी वर चढवल्या होत्या, पायथ्याशी चपलांचा हा ढीग. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला तरी झोका थांबेना. थोरल्याची सख्खी बहीण झोक्यावरूनच ओरडली, "भाऊ, मन्हं माहेर खणी ऱ्हायना का तू?" जेसीबीवाला पोट धरून हसत सुटला. आबा साळसूदपणे म्हणाले, "मी काय करू? घरमा पाव्हण्या शेतस." जेसीबी आला तसा परत गेला.

यंदा आबा नाहीत. हिवाळ्यात गेले. आखाजीला घरात त्यांच्या नावाची घागर भरली, आणि थोरला जादा घागर खांद्यावर घेऊन टेकाडाशी आला. चपला काढल्या, खाकरला, मग जरा लाजतच त्यानं हाक घातली, "घरमा कोणी शे का?"

"शे! पाय पुसीसन ये!" झोक्यावरून साऱ्या लेकी एकदम ओरडल्या.

तो उतरला तेव्हा त्याच्या तोंडात सांजोरी होती.