बाहेरच्या चुलीचा धूर

ओटिलिया मेलहाफला कोणी विचारलं, की बाई, तुझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, तर ती आधी देवाचं नाव घ्यायची, कारण ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई होती. दुसरं नाव भावजयीचं. "रोझिनावहिनीचे," म्हणायची, "तिनं मला घराबाहेर काढलं, म्हणून." ऐकणारा हसायचा. ती हसायची नाही. अगदी मनापासून बोलायची.

हे घराणं जर्मन, पण तीन पिढ्या काळ्या समुद्राकाठी रशियाच्या झारच्या मुलखात रुजलेलं. तिकडे जमिनीची वाटणी करताना घरातले पुरुष मोजायचे. ओटिलिया जन्मली तेव्हा बाप म्हणाला होता, "पोरगी गोड आहे, पण हिच्या नावानं ढेकूळसुद्धा मिळायचं नाही." हे वाक्य तिला पुढे दहा जणांनी दहा वेळा ऐकवलं. त्यामुळे अमेरिकेला येताना बोटीवर कोणीतरी सांगितलं, की तिथे एकवीस वर्षांची बिनलग्नाची बाई स्वतःच्या नावावर एकशे साठ एकर मागू शकते, पाच वर्षं तिथे राहायचं, नांगरायचं, की जमीन तिची, तेव्हा तिला बोट लागायची थांबली. विसाव्या वर्षी लग्नाची एक चालून आलेली सोयरीकही तिने त्यापायीच परतवली.

१८८५च्या नोव्हेंबरात ती डाकोटात उतरली ती थोरला भाऊ गॉटफ्रीड आणि त्याची पोटुशी बायको रोझिना यांच्याबरोबर. बर्फ पडायच्या आत टेकाडाच्या पोटात एक बीळ खणलं आणि तिघं त्यात शिरली. आमच्याकडे झाड म्हणून नाही. सरपण म्हणजे शेणाच्या विटा: हिवाळाभर गोठ्यात साठलेलं शेण नि पेंढा वसंतात घोड्यांकडून तुडवून घ्यायचं, कुदळीने चौकोन कापायचे, उन्हात वाळवून रचायचे. पण पहिल्या हिवाळ्यात कुठला गोठा आणि कुठलं शेण. गवताचे पीळ वळून वळून त्यांच्या हातांची सालं निघाली. जानेवारीत रोझिनाला मुलगा झाला, एमिल, आणि तो आठ दिवसांचा असताना तीन दिवसांचं वादळ आलं. भाऊ-बहीण टेकाडापलीकडच्या गंजीवर गवत आणायला गेले ते तिथेच अडकले. तिसऱ्या दिवशी परत आले तर बिळात विस्तव होता. गाडीच्या फळ्या जाळल्या, एवढंच रोझिना म्हणाली. बाळ जिवंत होतं, मग पुढचं कोण विचारतो.

मार्चात ओटिलियाला एकवीस पूर्ण झाली आणि तिने भावाच्या जमिनीला लागून पूर्वेकडच्या तुकड्यावर दावा लावला. आता घर. एका घराच्या मातीत दोन दावे निभावायची आमच्याकडे एक युक्ती होती: दोन जमिनींच्या बरोबर हद्दीवर घर बांधायचं, ज्याने त्याने आपापल्या बाजूला झोपायचं. पाठ पुरुषाची असो की बाईची, ती आपल्या जमिनीवर टेकली पाहिजे, कायदा एवढंच बघतो. सरकारी मोजणीदारांनी हद्दीच्या टोकाला चार खड्डे खणून, त्यांची माती मध्ये रचून त्या उंचवट्यावर खुंट ठोकलेला असे. गॉटफ्रीडने बर्फ वितळल्यावर मातीच्या उंचवट्यावर खुंट पाहिला, तिथून दोरी धरली आणि सप्टेंबर लागेपर्यंत मातीच्या विटांचं लांबट घर उभं केलं. पश्चिमेच्या दोन खोल्या त्याच्या, पूर्वेची एक ओटिलियाची. उन्हाळ्यात घर तापू नये आणि आगीची भीती नको म्हणून स्वयंपाकासाठी एक छोटी खोली वेगळी, घरापासून पन्नास पावलं पूर्वेला. एक चूल, एक खिडकी, डोकं टेकेल असं छप्पर.

सप्टेंबरात पाद्रीबाबा पहिल्यांदा गावात येणार होते. ओटिलियाला वाटलं, घर लखलखीत हवं. तिने रोझिनाची पीठ मळायची लाकडी काठवट घेतली आणि साबणाने, उकळत्या पाण्याने घासून घासून पांढरी केली. ही काठवट कोणी धूत नाही. तिच्या कडेला चिकटलेल्या जुन्या पिठातच पुढच्या पावाचं आंबवण जगतं. रोझिनाच्या आईचं आंबवण होतं ते, समुद्र ओलांडून आलेलं. आई तिकडेच मेली होती.

रोझिनाने काठवटीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "वन्सं, आईची कबर तिकडे राहिली. एवढंच सोबत आणलं होतं."

"मला ठाऊक नव्हतं गं, वहिनी. मी आपलं..."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुमचं सगळं लक्ष त्या एकशे साठ एकरांत. आज काठवट धुतलीत, उद्या मलाच धुऊन वाळत घालाल. उचला तुमची गादी."

"उचलते की. मला काय अडलंय."

अडलं होतं, पण ताठा दोघींनाही सारखाच वाटून मिळालेला. ओटिलियाने गादी डोक्यावर घेतली आणि बाहेरच्या स्वयंपाकघरात नेऊन टाकली. शेजारणीकडून दुसरं आंबवण आलं, पाव पुन्हा फुगायला लागला. ओटिलिया मात्र परत गेली नाही, आणि ये म्हणून कोणी म्हटलंही नाही. गॉटफ्रीड दोनदा दाराशी येऊन घुटमळला. तो चर्चचा पंच होता. आपल्या सख्ख्या बहिणीला चुलीपाशी झोपवतो हे गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. म्हणून तिघांनी न बोलता ठरवून टाकलं: रविवारी ओटिलिया घराच्या पुढच्या दारातून निघेल आणि पाहुणे आले की घरात बसेल. गावाला वाटायचं, काय मेलहाफांचं जमतं.

ती पाच वर्षं ओटिलियाने अंग मोडून काढली. स्वतः नांगर धरला. पहिली वीस एकर जवसाची केली, मग गहू. कलिंगडं पिंपात खारवली, सूर्यफुलाच्या बिया खात हिवाळे घालवले. शेणाच्या विटांची तिची स्वतःची रास होती, आणि पहाटे उठून ती आधी चूल पेटवायची. उशाशी पाणी गोठायचं तेव्हा वहिनीला मनातल्या मनात बोल बोल बोलायची. पण सकाळी दार उघडलं की समोर आपलं शेत दिसायचं, आणि रात्रीचं सगळं मागे पडायचं.

१८९१च्या ऑगस्टात, राहायला लागल्यापासून मोजायची पाच वर्षं भरायला महिना उरला असताना, रस्त्याची आखणी करायला मोजणीदार आला. त्याने साखळ्या टाकल्या, गवत उपटलं आणि जुने चार खड्डे शोधून काढले. हद्द होती घराच्या तीस पावलं पूर्वेला. गॉटफ्रीडने ज्याला मोजणीचा उंचवटा समजून दोरी धरली, तो कुठल्याशा जनावराने बीळ उकरताना काढलेला ढीग होता. ओटिलियाची खोली अख्खीच्या अख्खी भावाच्या जमिनीत होती.

आठवडा गेला नाही तोच शहरातल्या पर्डी नावाच्या माणसाने तिच्या दाव्याला हरकत घेतली. नव्या रस्त्याकाठची जमीन त्याला हवी होती. त्याचं म्हणणं सोपं होतं: ही बाई आपल्या जमिनीवर एक दिवसही राहिलेली नाही.

"मी बाहेरच्या स्वयंपाकघरात राहते," ओटिलिया म्हणाली, "ते माझ्या हद्दीत वीस पावलं आत आहे." पर्डी हसला. स्वयंपाकघरात कोणी हिवाळा काढतं का? जमीन वाचवायला आता सुचलं बाईला. शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी बिचाऱ्यांनी तिच्या भल्यासाठीच शपथेवर सांगितलं, की छे, ओटिलिया तर भावाच्या घरात लाडाने राहते. पाच वर्षांचं खोटं असं शेवटी तिच्याच गळ्याशी आलं.

सुनावणीच्या दिवशी तिघं एका गाडीतून शहरात गेली. ओटिलियाने भावाला किंवा वहिनीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मागायचं आणि नाही ऐकायचं, हे तिला झेपलं नसतं. जमीन कचेरीत गॉटफ्रीड टोपी हातात चुरगळत मान खाली घालून बसला. अधिकाऱ्याने कागद गोळा करायला घेतले. तेवढ्यात रोझिना उठली.

तिला इंग्रजी येत नव्हतं. गावातला दुकानदार दुभाष्या म्हणून बसला होता.

"त्यांना सांगा," रोझिना म्हणाली, "मी हिला घराबाहेर काढलं. सप्टेंबर शहाऐंशी. काठवट धुतली म्हणून."

दुकानदार घोटाळला. "असं सांगू? की जरा सौम्य करून, म्हणजे दोघींच्या सोयीने ती..."

"सोय कसली डोंबलाची? हाकललं. जसं म्हणते तसं सांगा."

त्याने सांगितलं. अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. मधल्या काळात ती परत घरात आली नाही कशावरून? पाच वर्षं रोज तिथेच होती, हे या बाईंना कसं ठाऊक?

रोझिना ओटिलियाकडे वळली, आणि उत्तर अधिकाऱ्याऐवजी तिलाच दिलं.

"रोज सकाळी मी खिडकीपाशी उभी राहायचे, वन्सं. तुमच्या धुराड्यातून धूर निघेपर्यंत घास गिळवत नव्हता मला. थंडीत एखाद्या दिवशी उशीर झाला की पायांत बूट चढवून ठेवायचे. मग धूर दिसायचा, आणि परत तुमचा राग यायचा. एक सकाळ चुकली नाही."

दुभाष्याने हे इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे.

"आणि आणखी लिहून घ्या," ती म्हणाली. "खुंट मी जाळला. पहिल्या हिवाळ्यात, एमिल आठ दिवसांचा होता. तो निळा पडत चालला होता. गाडीच्या फळ्या संपल्या होत्या, हाताला लागेल असं दुसरं लाकूड नव्हतं. बर्फ वितळल्यावर जागा सापडेना, म्हणून अंदाजाने दुसरा ठोकला. हद्द चुकली ती माझ्यामुळे. हिच्यामुळे नाही."

गॉटफ्रीडने मान वर केली. मग तोही उठला, आणि पंचाच्या भारदस्त आवाजात, कान लाल झालेले असताना, बायको खरं बोलते असं त्याने शपथेवर सांगितलं. आपला अपमान स्वतःच्या तोंडाने सांगणारी दोन माणसं खोटं कशाला बोलतील, असं अधिकाऱ्याला वाटलं असावं. पर्डीची हरकत फेटाळली गेली.

परतताना अर्धा रस्ता मागे पडला. मग रोझिना म्हणाली, "खोली रिकामी आहे. या आता घरात."

"नको. माझी पाठ माझ्या जमिनीवर बरी." थोड्या वेळाने ओटिलिया म्हणाली, "वहिनी, मी असते तरी तो खुंट जाळला असता."

"तुम्ही?" रोझिना म्हणाली. "तुम्ही आधी धुऊन घेतला असतात."

गॉटफ्रीड इतका हसला, की घोडे बुजले. ओटिलियाही हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत उचलला नाही. त्या दिवशी ओटिलिया सुखी होती, अगदी काठोकाठ, आणि हे तिने पुढे कोणापासून लपवलं नाही.

त्यानंतर ती चव्वेचाळीस वर्षं जगली. बाहेरच्या स्वयंपाकघराला दोन खोल्या जोडल्या, चाळिशीला एका विधुराशी लग्न केलं, त्याला पुरलं, दुष्काळ पाहिले. हे सगळं आमच्याकडे सगळ्यांचंच होतं. तिची म्हणून एकच गोष्ट होती. मोजणीदाराने खऱ्या कोपऱ्यावर नवा खुंट ठोकला होता. दर शरदात, विटा वाळल्या, की ओटिलिया पहिली गाडी घरी न आणता त्या खुंटापाशी नेऊन रचायची. एकदा एका नव्या पाद्र्याने विचारलं, की एवढं सरपण असं उघड्यावर कोणासाठी?

"कुणाचं बाळ गारठलं तर असावं," ती म्हणाली. "खुंटाला हात लावायची वेळ येऊ नये कोणावर."

तिच्या शेवटच्या शरदात तिला अंथरुणातून उठवेना. त्या वर्षी पहिली गाडी एमिलने नेली. रास रचून झाल्यावर पन्नाशीला टेकलेला तो माणूस खुंटापाशी टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग आत्याच्या घरी गेला आणि तिची चूल पेटवली, कारण पलीकडे म्हातारी रोझिना खिडकीत उभी होती.