खंडेनवमीची साफसफाई

आमच्या घरात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, उद्यमनगरातल्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले. त्यांच्या मते वर्षात खरा सण हा एकच. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र आतून-बाहेरून स्वच्छ होऊन पाटावर बसलंच पाहिजे. विळी, अडकित्ता, पाना-पक्कड, शिलाई मशीन, मिक्सर. आणि एकदा बसलं की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. मिक्सर पूजेत असतो म्हणून नवमीला आमच्याकडे चटणी खलबत्त्यात कुटली जाते, आणि ती मी कुटते, मामा नव्हे. गेली काही वर्षं या मंडळींत आमचा कॉम्प्युटरही जाऊन बसतो.

त्या कॉम्प्युटरमध्ये मामांच्या आठवणी होत्या. लग्नाआधी मी कोर्टाजवळच्या एका दुकानात मराठी टायपिंग करायचे, ते हात अजून चालतात. म्हणून दोन वर्षं दर रविवारी सकाळी मामा खुर्चीत बसून सांगायचे आणि मी टाईप करायचे. गावाकडून सायकलवर कसे आले, लेथच्या खाली गोणपाटावर कसे झोपले, मिस्त्रीनं पहिल्यांदा कान कधी पिळला. साठ-पासष्ट तुकडे झाले होते. मग गेल्या उन्हाळ्यापासून मामा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही हे. आता कारखान्याचं काही विचारलं तर म्हणतात, “हाय की, जायचंय उद्या कामावर.” म्हणजे त्यांनी जे सांगितलं होतं ते आता त्यांच्याकडेही नव्हतं. फक्त कॉम्प्युटरच्या त्या डब्यात होतं. दुसरी कॉपी ठेवावी हे मला माहीत होतं, जसं रोज सकाळी चालायला जावं हेही मला माहीत आहे.

यंदाच्या नवमीला सकाळी मी स्क्रीन पुसला, कीबोर्ड उलटा करून त्यातले बिस्किटाचे कण झटकले, डब्याचं झाकण काढून ब्रशनं धूळ काढली. मामा खुर्चीत बसून देखरेख करत होते. नातवंडांची नावं विसरणारा माणूस, पण खंडेनवमी विसरला नव्हता.

“आतनं पुसलंस?”

“पुसलं की मामा.”

“चालू करून दाव. चालू करून बघितल्याबिगार मशीन साफ झालं म्हणायचं न्हाय.”

मी चालू केला. चालू केलाच आहे तर म्हटलं जागाही करावी. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यात घालायचा होता आणि कॉम्प्युटर जागा नाही, जागा नाही म्हणून महिनाभर कुरकुरत होता. एकीकडे मोबाईलचे जुने फोटो भरलेलं फोल्डर होतं. त्याच्या शेजारी मामांचं. दोघांनाही मी कधी नाव दिलं नव्हतं. कॉम्प्युटरनं आपणहून दिलेलं ‘न्यू फोल्डर’ हेच दोघांचं नाव, एकापुढे दोनचा आकडा, एकापुढे नाही. फोटोंचं उडवायचं ठरवून मी एक उडवलं. आणखी चार वस्तू उडवल्या.

मामांनी स्क्रीनकडे बोट केलं. “ती बादली कसली?”

“कचऱ्याची.”

“भरलीया की.”

“असू दे मामा, ती राहते तशी.”

“कचरा भरून ठिवून पूजा करतीस व्हय? वत भाईर.”

सणाच्या दिवशी कोण वाद घालणार? मी ओतली. नक्की ना, असं कॉम्प्युटरनं विचारलंसुद्धा. मी नक्की म्हटलं. मग यांनी येऊन लग्नाचा व्हिडिओ आत भरला, त्याला अर्धा तास लागला. कॉम्प्युटर बंद झाला, त्याला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला आणि मामांनी हात जोडले.

दुपारी चटणी कुटताना माझा हात थांबला. फोटोंचं फोल्डर चांगलं जडशीळ होतं, ते उडायला वेळ लागायला हवा होता. पट्टी सरकते, आकडे मोजतात. सकाळचं फोल्डर चुटकीसरशी गेलं होतं. नुसता मजकूर असला की असं जातं. म्हणजे? दोनचा आकडा कुठल्या फोल्डरपुढे होता? फोटोंच्या की मामांच्या? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला तेव्हा आधी वाटलं फोटोंच्या, मग वाटलं मामांच्या, आणि तिसऱ्यांदा तर दोघांपुढेही आकडा दिसायला लागला.

मी तशीच उठून कॉम्प्युटरपाशी गेले. मामा समोरच्या खुर्चीत जागे होते.

“हात लावू नगंस.”

“नुसतं बघते मामा, एक मिनिट.”

“उद्या सोनं वाटल्याबिगार न्हाय म्हंजे न्हाय.”

मला त्यांना सांगता येईना. काय सांगणार? मामा, तुमच्या आठवणी मी बहुतेक कचऱ्यात टाकल्या? त्यांना आठवणी सांगितल्याचंच आठवत नव्हतं. यांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, तर हे म्हणाले, “उद्या बघू की. पळून जातंय व्हय कुठं?” कागलच्या एमआयडीसीत पाळ्या करून करून यांना प्रत्येक गोष्ट पुढच्या पाळीवर ढकलायची सवय लागली आहे. पण माझा प्रश्न नेमका तोच होता. पळून जातं की नाही? आणि जातं तर कुठं जातं?

शिवाजी पेठेत एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात, त्यांना फोन लावला.

“ताई, आज न्हाय हुणार. आमच्याबी मशिनी पूजेत बसल्यात. परवा घिऊन या.”

“तोवर मी काय करू?”

“कायबी करू नका. चालू तर अजिबात करू नका.” मग त्यांनी समजावलं. “एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतोय का न्हाय आपण? डिलीट म्हंजे रुमाल उचलला एवढंच. बसणारा पावणा अजून सीटवरच हाय. पर रुमाल न्हाय म्हटल्यावर दुसरा कोणबी येऊन त्याच्या मांडीवर बसतोय. कॉम्प्युटर चालू केला की नवी गर्दी आत शिरती.”

“म्हणजे फाईल आहे का नाही?”

“हाय बी आणि न्हाय बी.”

“सकाळी आम्ही त्यात लग्नाचा व्हिडिओ घातला.”

“केवढा?” त्यांनी विचारलं.

“अख्खं लग्न आहे.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “अख्खं वऱ्हाडच बसवलंय की.”

फोन ठेवल्यावर मला कशाचाच अर्थ लागेना. फाईल मी उडवली होती का हेच नक्की नव्हतं. उडवली असली तरी ती तिथेच होती. तिथे असली तरी तिच्यावर वऱ्हाड बसलेलं असू शकत होतं. बादली ओतायला लावली मामांनी, आणि आता कॉम्प्युटर चालू करू देत नव्हते तेही मामाच, म्हणजे उरलंसुरलं वाचलं तर त्यांच्याच हट्टामुळे वाचणार होतं. त्यांच्यावर चिडावं की त्यांच्या पाया पडावं? दोन्ही करावंसं वाटत होतं.

पायाच पडले, कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता. संध्याकाळी मामांनी सगळ्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, “सोन्यासारखी ऱ्हा.” मी वाकले तेव्हा त्यांच्या पायांकडे बघवेना. चोरी करून घरात उभं असल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी डबा रिक्षातून पेठेत नेला, झेंडूच्या हारासकट, कारण हार काढायचं भान कुणाला होतं? बाईंनी तो ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी बोलावलं. गेले तर त्यांनी सांगितलं, तुम्ही आठवणींचंच फोल्डर उडवलंय, फोटो जागच्या जागी आहेत. मग स्क्रीनवर एक यादी दाखवली. शेकडो फाईली. एकीलाही नाव नव्हतं, नुसते आकडे.

“नावं आधी जात्यात,” बाई म्हणाल्या. “आत काय हाय ते तुमचं तुम्ही उघडून बघा.”

घरी येऊन रोज थोड्या उघडत बसले. यांचा सहा वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज निघाला. गॅसच्या शेगडीची तक्रार निघाली. शेजारच्या मुलीचा बायोडाटा निघाला, आता तिला दोन मुलं आहेत. जे जाणूनबुजून टाकून दिलं होतं ते सगळं धडधाकट परत आलं होतं. मामांचे चाळीसेक तुकडे सापडले. दहा-बारा अर्धे होते, म्हणजे मामा सांगत सांगत एका वाक्याच्या मध्यावर येत आणि पुढे नुसते चौकोन, उलटसुलट चिन्हं. बाकीचे आलेच नाहीत. त्यांच्या जागी नणंदेची लेक हार घालत होती. मी तो व्हिडिओ अजून बघितलेला नाही, मला तो बघायचाच नाही.

तरी चाळीस म्हणजे पुष्कळ, असं मी स्वतःला सांगत होते. त्या रविवारी सकाळी मी तुकडे जुळवत बसले असताना मामा आले आणि आपल्या खुर्चीत बसले.

“काय वाचतीस?”

“गोष्ट आहे.”

“मोठ्यानं वाच.”

समोर होता तो तुकडा मी वाचायला लागले. मामा आणि त्यांच्या मिस्त्रीनं मिळून पहिलंवहिलं इंजिन जोडलं होतं. बैलगाडीत घालून ते वारणेकडच्या एका गावात नेलं, विहिरीवर बसवलं. अख्खा गाव जमला. नारळ फुटला. मिस्त्रीनं हँडल मारलं, इंजिन चालू होईना. पुन्हा मारलं, होईना. बायका हसायला लागल्या, मिस्त्रीच्या कपाळावरनं घाम गळायला लागला. “तवा मी पंधरा-सोळाचा हुतो. मी मिस्त्रीला म्हटलं, तुम्ही जरा बाजूला सरा, आणि खाली वाकून...” इथं चौकोन सुरू झाले.

मामा खुर्चीच्या कडेवर आले होते. कित्येक महिन्यांत त्यांचे डोळे इतके जागे मी बघितले नव्हते.

“कुणाचं हे?”

“तुमचंच मामा.”

“माझं?” ते हसले. त्यांना ते खरं वाटलं नाही. “असू दे. मग? चालू झालं का इंजान?”

“झालं की,” मी म्हटलं. न होऊन कसं चालेल?

“काय बिघडलं हुतं?”

मी स्क्रीनकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. मग मी आठवायला लागले. हा तुकडा याच बोटांनी टाईप केला होता. शेवटपर्यंत केला होता, पूर्णविराम देऊन, सेव्ह करून. मामांनी माझ्या समोर बसून, हातवारे करून, इंजिन कशानं अडलं ते मला सांगितलं होतं, आणि मला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता. टायपिंग शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की मजकुरात मन घालायचं नाही, मन घातलं की चुका होतात. मी दोन वर्षं एकही चूक केली नव्हती. तोंडानं “हं, पुढं” म्हणत होते आणि डोक्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मला वाटायचं मी त्यांचं ऐकते. घरात सगळ्यांना मी तसंच सांगत होते. फार लाज वाटली.

“काय बिघडलं हुतं?” मामांनी पुन्हा विचारलं. मेकॅनिक माणूस, नुसतं चालू झालं एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नव्हतं.

“मला ठाऊक नाही मामा. पुढचं पान गेलंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. उलट माझी कीव आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“मग सांगणाऱ्याला इचारायचं हुतंस की,” ते म्हणाले.