गौतमीनं उचललेले पाच दगड

गौतमी ओव्हाळ हवालदाराला सगळ्यात जास्त संताप कुणाचा येत असेल, तर तो एका वाक्याचा. चोरा-दरोडेखोरांचा येतो तो वेगळा, तो नोकरीतला. पण ह्या वाक्यानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून...’

ठाण्याच्या कॉम्प्युटरात हे वाक्य बरणीतल्या लोणच्यासारखं कायम भरून ठेवलेलं. अपघात आला की ठाणे अंमलदार ज्ञानदेव जुनी फाईल उघडायचा, नाव बदलायचा, तारीख बदलायचा, गाडीचा नंबर बदलायचा आणि चहाला जायचा. ट्रकखाली मेलेल्याला तेच, खड्ड्यात मेलेल्याला तेच. एकदा तर बंद पडून कडेला लागलेल्या टँकरच्या ड्रायव्हरलाही त्यानं भरधाव करून टाकलं.

“अहो मामा, टँकर उभा होता,” गौतमी म्हणाली.

“उभा व्हता म्हंजी, भरधाव येऊनच उभा ऱ्हायला असंल ना?” ज्ञानदेव म्हणाला, आणि अख्खं ठाणं खिदळलं.

गौतमी हसली नाही. रस्ता म्हणजे काय ते तिला त्या ठाण्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तिचा बाप बन्सी बांधकाम खात्यात मैलकामगार. खुटबावकडचा ठरलेला तुकडा त्याच्या अंगावर. खड्डे भरायचे, साइडपट्टीचं गवत काढायचं, रस्त्यावर आलेले दगडधोंडे बाजूला सारायचे. लहानपणी गौतमी त्याची भाकरी घेऊन जायची आणि बाप जेवेपर्यंत त्याचा खराटा धरून उभी राहायची. बन्सी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, “रस्त्यात दगुड दिसला आन् तू वलांडून गेलीस, तर म्होरल्याचं डोकं फुटल्यालं पाप तुझ्या माथी. आधी वाकायचं, मग चालायचं.” वाकणं पोरीच्या हाडातच गेलं. शाळेत जाताना वाकायची, भरतीच्या पळण्याच्या सरावाला जाताना वाकायची.

दोन वर्षांमागं तिनं अर्जावर अर्ज करून पुण्यातलं अपघात-तपासाचं दहा दिवसांचं ट्रेनिंग मिळवलं. मिळवलं म्हणजे काय, उसाच्या हंगामात दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. ब्रेक दाबल्यावर उमटणारा पट्टा कसा आणि चाक आडवं घसरल्याचा कसा, फुटलेली काच किती लांब उडाली की वेग किती धरायचा, फोटो काढताना शेजारी मापाची पट्टी का ठेवायची, तो फोटो कोर्टात जाताना काढणाऱ्यानं कसल्या प्रमाणपत्रावर सही करायची, सगळं तिनं पाटीवर गिरवल्यासारखं गिरवलं. शिकवायला एक निवृत्त अधिकारी होते. रोज सकाळी फळ्यावर तेच लिहायचे: आधी डोळे, मग फोटो, मग टेप. हात सगळ्यात शेवटी.

परत येताना तिनं पन्नास मीटरची टेप विकत आणली. “मॅडम, बांधाची मोजणी हाय का?” म्हणून ठाण्यात दोन महिने चेष्टा झाली. कोर्टात त्याहून वाईट. आरोपीच्या वकिलानं चष्मा पुसत विचारलं, “आपण इंजिनिअर आहात का?”

“नाही.”

“डॉक्टर?”

“नाही.”

“मग दहा दिवसांत वेगाचं गणित शिकलात! आमची पोरं उगाच चार-चार वर्षं घालवतात.”

कोर्टातला पट्टेवालासुद्धा हसला. त्या दिवशी गौतमीनं दात इतके आवळले की रात्री जबडा ठणकत होता. पण पुढच्या तारखेला ती मापांची वही घेऊन गेली आणि वकिलाला त्याच्याच आकड्यात अडकवून आली. हसणारे गप झाले, पण ‘टेपवाली’ हे नाव मागं लागलं ते लागलंच.

अशी ही बाई. आणि चूक झाली ती तिच्याच हातून.

जानेवारीतली सकाळ. केडगावकडून वडगाव रासाईकडं जाणाऱ्या रस्त्यावर, भीमेच्या पुलाच्या अलीकडं मोटरसायकलीचा अपघात झाल्याचा फोन आला. गौतमी साडेसहाला पोचली. धुकं असं की हात पुढं केला तर बोटं दिसू नयेत. पोराला रुग्णवाहिका घेऊन गेलेली. गाडी कडेच्या उसात घुसून आडवी पडलेली. आणि डांबरावर, बरोबर जाणाऱ्या बाजूला, पाच दगड अर्धगोल मांडून ठेवलेले.

ह्या भागात हे काही कुणाला सांगावं लागत नाही. उसाचा ट्रॅक्टर चालला, ट्रॉलीचं चाक फुटलं, की ड्रायव्हर कडेचे धोंडे उचलतो. एक चाकाखाली अडवायला लावतो, बाकीचे मागं मांडतो. वर उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, खोचतो. झालं सिग्नल. चाक बदललं की ट्रॅक्टर निघून जातो. वाढं वाऱ्यानं उडतं, आणि दगड राहतात तिथंच. ट्रॉलीला मागं ना लाल पट्टी ना दिवा, आणि गेल्यावर मागं हे असलं देणं ठेवून जायचं!

गौतमी खिशातून फोन काढणार, तेवढ्यात धुक्यातून दुधाचा टेम्पो आला. दगडांवर येता येता त्यानं अशी मुरड मारली की मागचे कॅन एकमेकांवर आदळले. टेम्पो गेला. आणि गौतमी वाकली. एक दगड उचलला, कडेच्या चारीत फेकला. दुसरा, तिसरा. चौथा जड होता, पोटाशी धरून नेला. पाचवा टाकून तिनं हात झटकले, आणि तळव्याकडं बघितलं.

तळव्यावर काळं लागलं होतं. टायरच्या रबराचं काळं.

मग तिला फळा आठवला. हात सगळ्यात शेवटी.

“अगं भवाने!” ती स्वतःलाच ओरडली. धुक्यात ऐकायला कुणी नव्हतं. दहा दिवसांचं ट्रेनिंग, वहीभर मापं, आणि एका क्षणात तिनं बापाची पोर होऊन सगळं चारीत घातलं होतं.

दवाखान्यात पोचण्याआधीच पोरगं गेलं. अक्रम नाव, सव्वीस वर्षांचा, केडगावचा. रांजणगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघालेला. घरी बायको सुफिया आणि मांडीवरचं मूल. बाप मीरासाहेब नालबंद, साखर कारखान्याच्या तळावर गाडीच्या बैलांना पत्र्या ठोकणारा.

गौतमी ठाण्यात आली तर ज्ञानदेवचं टायपिंग निम्म्यावर आलेलं. ‘मयत अक्रम याने स्वतःच्या ताब्यातील मोटरसायकल हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात...’ खाली आरोपीच्या रकान्यात पुन्हा अक्रमचंच नाव. मेला तो, आणि आरोपीही तोच. आरोपी मयत, म्हणून तपास बंद. एका कागदात दोनदा मारायचं माणसाला. उद्या बायको भरपाईच्या दाव्याला गेली, की हाच कागद तिच्या तोंडावर फेकायचा: तुझा नवरा स्वतःच्याच चुकीनं मेला.

साहेबांच्या खोलीत विनोद बसलेला. तीन ट्रॅक्टरांचा मालक, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चहाचा कप धरून. रात्री चाक फुटलेली ट्रॉली ह्याचीच, हे रस्त्यावरच्या टपरीवाल्यानं गौतमीला सांगितलेलं.

“साहेब, दगड होते रस्त्यात. ह्यांच्या ट्रॉलीचे.”

विनोदनं कप खाली ठेवला नाही. “ताई, दगडावर माझं नाव लिवलंय का?”

“कुठं आहेत दगड?” साहेबांनी विचारलं. “पंचनाम्यात तर एकपण नाही. फोटो?”

गौतमी म्हणाली, “मी उचलले. टेम्पो आला होता.”

विनोद हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं आणि आवाज उतरवून म्हणाले, “बाई, तुम्ही ट्रेनिंग घेतलेल्या. हे कागदावर आणलंत तर पुरावा हलवला म्हणून तुमचीच चौकशी लागेल. वकील तुम्हाला सोलून काढेल. आणि तपास करणारीच साक्षीदार कशी? केस जाईल तुमच्याकडून. त्यापेक्षा गप बसा. गेलेला परत येत नाही.”

ती बाहेर आली तर ज्ञानदेवनं दुसरी युक्ती काढलेली. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड. “मॅडम, एवढं काय त्यात? चला, दगडं व्हती तशी परत मांडू, दोन फोटू काढू. पंच माझ्या हाताखालचं हायेत, चहाच्या गाड्यावरूनबी सही करत्यात. पोराचं नाव निघंल. पुण्यच लागंल की!”

क्षणभर गौतमीला मोह झाला. दगड खरेच होते, जागा खरीच होती. पण फोटोवर वेळ उमटणार दुपारी बाराची. खाली प्रमाणपत्रावर सही तिची. खऱ्या दगडांचा खोटा फोटो, आणि तो उघडा पडला की खरे दगडही खोटे ठरणार.

“मामा, तुम्ही आयुष्यभर असंच करत आलात म्हणून कोर्ट आपल्याला हसतं,” ती म्हणाली. ज्ञानदेवचं तोंड एवढंसं झालं.

दफन उरकून मीरासाहेब तिसऱ्या प्रहरी ठाण्यात आला. डोळे कोरडे, अंगावर मातीचे हात उमटलेला सदरा. येताना आवारात ठेवलेली मोटरसायकल बघून आला होता.

“बाई, म्होरल्या चाकाची रिंग बघितली का? जल्म लोखंडात गेला माझा. लोखंड दगडावर आपटल्याशिवाय असा घाव पडत न्हाई. आन् तुमी लिवताय भरधाव? माझ्या पोराला चोरासारखं खाली आरोपी लिवलंय म्हनं. कुनी लिवलं?”

“चाचा, दगड होते. विनोदच्या ट्रॉलीचे,” गौतमी म्हणाली. “मी उचलून टाकले. फोटो काढायच्या आधी.”

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला.

“तुमी? आवो, शिकल्याल्या बाई तुमी! त्यो इनोद बैलाच्या जातीचा, त्याचं सोडा. पन तुमी?” त्याचा आवाज चिरकला. “मुकं जनावरबी पाय उचलायच्या आधी बघतं वो!”

म्हातारा भिंतीला टेकला. मग म्हणाला, “मला सांगितलं तसं कागदाला सांगा. मला सांगून काय उपेग?”

संध्याकाळी ती खुटबावला गेली. बन्सी ओट्यावर बसलेला. तिनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता बापावरच उखडली, “तुमच्यापायी झालं हे! वाकायचं, वाकायचं! वाकले आन् मेलेल्या माणसाचं नुकसान केलं!”

बन्सीनं तंबाखू थुंकली. “दगुड ठिवून जानाऱ्याला कुनी इचारंना, आन् उचलनारी चोर? भरल्या ट्रॉलीच्या चाकाखाली लावल्याला कंचा व्हता?”

“म्हंजे?”

“पाचात एक त्यो असनार. भरल्या वजनानं दगुड डांबरात बसतो. पांढरं पीठ पडतं त्याचं, डांबराला खळगा पडतो. झाडून गेलं तरी आठ दिस ऱ्हातंय. तीस वरसं त्येच भरत आलोय म्या. कशाला हाडूक चघळतीयास? सकाळी जाऊन बघ.”

सकाळी ती गेली. आधी डोळे. पांढरट पीठ, आणि डांबरात दाबला गेलेला बोटभर खोल खळगा. शेजारी जॅक लावल्याची चौकोनी खूण आणि सांडलेलं ऑईल. फोटो. मग टेप. कडेच्या मैलाच्या दगडापासून माप. पंच तिनं टपरीवरून नाही, रस्त्यावरूनच बोलावले आणि उभे करून दाखवलं. मग चारीत उतरली. चौथा, पोटाशी धरून नेलेला जड दगड; त्याच्या खालच्या अंगाला डांबर चिकटलेलं, वरच्या अंगाला ट्रॉलीच्या रुंद टायरचा ठसा. पाचवा, त्याच्या कडेला मोटरसायकलीचं रबर. कुठून काढले ते लिहिलं: चारीतून. कुणी टाकले तेही लिहिलं.

ठाण्यात येऊन तिनं कुणाला न विचारता स्टेशन डायरीला नोंद केली. एकदा पडलेली नोंद पुसता येत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी टेबलावर हात आपटला.

“केस गेली तुमच्याकडून!”

“जाऊ दे साहेब. मी साक्षीदार आहे.”

“खुलासा मागवणार मी.”

“मागवा. पण दगड ठेवणाऱ्याकडं कधी मागवणार, तेवढं सांगा.”

डायरीतली नोंद, खळगा आणि रिंगचा घाव एका बाजूला पडल्यावर साहेबांना दुसरा मार्ग उरला नाही. मीरासाहेबाची फिर्याद नव्यानं घेतली गेली. आरोपीच्या रकान्यात ट्रॉलीचा ड्रायव्हर आणि त्याच्याखाली विनोद.

मग गौतमीचा जबाब. ज्ञानदेव टाईप करायला बसला. मीरासाहेब बाकावर ऐकत होता, त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचायचं ठरलेलं. ज्ञानदेवची बोटं सवयीनं धावली आणि तो वाचू लागला, “...मी घटनास्थळी पोहोचल्यानंतर रस्त्यावरील पाच दगड हयगयीने, अविचाराने व भरधाव...”

तो थबकला. कान लाल झाले. “चुकून आलं मॅडम. बोटांची खोड. खोडतो.”

“भरधाव खोडा,” गौतमी म्हणाली. “अविचारानं खोडा. टेम्पो येत होता, विचार करूनच उचलले.”

“आन् हयगयीनं?”

बाहेरच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली चालली होती, मागं दिवा नव्हता.

“ते राहू दे. फोटो काढला नाही, ती माझीच हयगय. त्या पोराच्या नावावर घातली होती, तिथून काढून इथं आणा.”

मीरासाहेब उठला. कागदाजवळ येऊन त्यानं ज्ञानदेवला विचारलं, “ह्यात अक्रम कुठं हाय?”

ज्ञानदेवनं बोट ठेवलं.

“त्याच्याम्होरं काय लिवलंय?”

“काय न्हाई चाचा. निस्तं नाव.”

गौतमीनं सही केली. पेन टेबलावर टाकलं, टेप उचलली आणि त्या दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मागं पळत सुटली.